रहीमसाहेबांचे आकडे आणि मिलिंदची चकती

बोअरच्या पाण्याचं भांडं रोज तापवलं की तळाला पांढरा थर धरतो. किस्से तसेच साचतात. पाणी कधीच उडून गेलेलं असतं, थर मात्र खरवडला तरी निघत नाही!

चिकलठाण्याला एका पंपाच्या कारखान्यात मी होतो. प्रत्येक पंपाबरोबर गिऱ्हाइकाला माहितीपुस्तक जायचं. ते शिवायचं काम माझं. आमच्या घरी मेंढरं, घोंगड्या शिवून दाभण हातात बसलेलं. शाळा म्हणाल तर चौथी.

पुस्तक छापायच्या आधी रहीमसाहेब तपासायचे. चूक दिसली की कडेला लाल पेन्सिलीनं नुसता आकडा. लिहिणारे वैतागायचे. "साहेब, नऊ म्हणजे काय?"

साहेब मान वर न करता म्हणायचे, "ढूंढो!"

शेवटी आकृत्या काढणाऱ्या मिलिंदनं तपासलेली जुनी पानं चाळून आकड्यांचे अर्थ लावले आणि जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापल्या. मधोमध शर्टाचं बटण मी शिवलं. वरच्या चकतीला खिडकी. आकडा जुळवला की खिडकीत चूक कोणती ते दिसायचं आणि त्याखाली उपाय.

साहेबांनी चकती एकदा गोल फिरवली आणि तिच्यावरच लाल आकडा टाकला. चार! आम्ही घाबरत फिरवलं. 'बनवणाऱ्याचं नाव नाही. नाव लिहा.'

*

लिहिणाऱ्यांपैकी कुलथे इंजिनिअरला चकतीचा भारी राग. "आता पुठ्ठा मला शिकवणार?"

एकदा त्यांचं पान सहा नंबर पडून परत आलं. सगळे जेवायला गेलेत असं समजून त्यांनी हळूच चकती फिरवली. 'एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे.' मी कपाटामागं दोरा ओवत होतो.

कुलथे मोठ्यानं म्हणाले, "कुठं सांगितली? कुठं सांगितली?"

*

कँटीनच्या फळ्यावर बटाट्याची भाजी, ताटात नुसता रस्सा. मिलिंदनं चकती कँटीनवाल्यापुढं धरली. पाच नंबर: 'चित्रात आहे, वस्तूत नाही.'

तो म्हणाला, "उपाय बी वाच की!"

उपाय होता, 'चित्र बदला.' दुसऱ्या दिवशी फळ्यावर रस्सा लिहिलेला!

*

मग विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर पेटलं. बस बंद, दुकानं बंद. कँटीनमध्ये एका टेबलावर जेवणारे दोन टेबलांवर बसायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप झालं. मला ते बघवायचं नाही. मी माझा डबा घेऊन मिलिंदजवळ बसायचो.

एकदा शेवाळे फिटर पलीकडून म्हणाला, "मिल्या, नाव बदलून भाकर मोठी व्हती का रं?"

"नाय व्हत. मग तुला उद्यापासून दगड्या म्हणतो. भाकर तेवढीच राहील!"

कुणी हसलं नाही. एरवी या बोलण्यावर शेवाळेच पहिला हसला असता.

*

त्यानंतर मिलिंद बरेच दिवस आला नाही. पैठणच्या बाजूला त्याचं गाव. तिथली त्यांची वस्ती जाळली होती. आला तो आईला घेऊन. तिच्या हातात काळा पडलेला एक तांब्या. कारखान्यामागच्या माझ्या खोलीत मी त्यांना जागा केली.

म्हातारीचं एकच. "भाऊ, याला सांगा. मला माघारी जायचंय. आपलं गाव हाय ते."

मिलिंद म्हणायचा, "आई, त्या गावाचं नाव काढू नको."

एका दुपारी ती भाकर घेऊन आली आणि दारात थांबली. मिलिंद तेव्हा रहीमसाहेबांपुढं उभा होता. आमच्या खात्यातल्या माणसांचे पत्ते त्यांच्याकडेच असायचे.

"साहेब, माझ्या पत्त्यातलं गाव खोडा. तिथं घर नाही आता."

साहेबांनी पत्ता काढला. मग शेजारी लाल आकडा टाकला. सात.

मिलिंदनं चकती फिरवली. मी मागून वाचलं. 'दाखवलेली जागा सापडत नाही. जागा तयार करा, नाहीतर उल्लेख खोडा.'

"तेच म्हणतोय साहेब. खोडा."

साहेबांनी चकती ओढून घेतली, शेवटचे तीन शब्द लाल पेन्सिलीनं खोडले आणि ती त्याच्या हातात परत दिली. मग पुढचं पान तपासायला घेतलं.

"काय लिवलं रं त्यांनी?" म्हातारीनं दारातून विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

मिलिंदनं चकती खिशात घातली.

"रविवारी गावच्या घराला पत्रे घ्यायला जाऊ, आई."