चाकातला च

कॉलेज आणि घरकाम यांतून चिनी शिकायला वेगळा वेळ उरत नाही, म्हणून कपड्यांच्या घड्या घालताना फोनवरच्या धड्यातली बाई म्हणेल ते मी तिच्यामागून म्हणते. रोमन अक्षरं वाचून मला वाटलं होतं, चिनीत सकाळला 'झाओ' म्हणतात. ती बाई काहीतरी वेगळंच म्हणत होती आणि उद्या चिनीची तोंडी परीक्षा होती.

शेजारी लसूण सोलत बसलेली आत्या म्हणाली, "अगं, ही आपला च म्हणतेय. चहातला नाही, चाकातला. म्हण बघू, चाक."

"च्याक."

"आली इंग्रजी शाळेची च्याक! मराठी येईना, नि निघाल्या बाईसाहेब चीनला!"

असं चिडवतात म्हणूनच मी घरात कमी बोलते. आता चिनीसाठी मराठी घोटायचं, की चिनीच्या आडून मराठी शिकून घ्यायचं, मला कळेना. मी खोलीत जाऊन दार लोटलं आणि जीभ दातांमागे टेकवून चाक, चूल, चोर असं पुटपुटत राहिले. मधूनच एखादा च नीट यायचा. तो कुठल्या भाषेतला होता, ते मात्र मला सांगता आलं नसतं.