वीस वॅटची वरात

माझ्या तिसऱ्या पत्रकाचं शीर्षक होतं, ‘छाती आमची, बेस तुमचा’. डीजेच्या विरोधात. आणि ते लिहिणारी मी स्वतः बेस गिटार वाजवते, हे आमच्या मुर्री गावात सगळ्यांना माहीत होतं. पानठेल्यावरून गेले की ऐकू यायचंच, "बेस बंद करा म्हनते अन् घरी बेसच वाजवून राहते."

मी थांबून समजावायची. गप्प जायला मला जमत नाही. डीजेचा बेस हजारो वॅटचा, भिंतीएवढ्या खोक्यांतून येतो. माझा ॲम्प वीस वॅटचा. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याएवढा, आत आठ इंची एकच स्पीकर, चार्जिंगवर चालणारा. एका हातानं उचलायचा, स्कूटीवर पायाशी ठेवायचा, निघायचं. त्यानं कुणाच्या घरातली ताटली हलत नाही. डीजे आला की आमच्या गल्लीत ताटल्या मांडणीवरून खाली येतात. बाळंतिणीनं बाळाचे कान दाबून आतल्या खोलीत बसायचं आणि वर ऐकायचं, एक दिवसाचा तर आनंद आहे. कुणाचा एक दिवस? लग्नसराईत रोजच कुणाचा तरी एक दिवस असतो.

सराव मी घरातल्या मागच्या खोलीत करते. ॲम्प खोलीच्या मधोमध ठेवला तर आवाज पातळ लागतो. कोपऱ्यात सरकवला की दोन्ही भिंती मदतीला येतात आणि तेवढ्याच व्हॉल्यूमवर खोली भरून जाते. आमचं तिघांचं छोटं पथक आहे. मी, ढोलकी वाजवणारे एक काका आणि गाणारे एक गुरुजी. गुरुजी शाळेतला कमरेचा माईक लावून गातात. जवळच्या नागरा गावात एका सभागृहात आम्ही बायकांच्या मेळाव्यात वाजवलं, तेव्हा शेवटच्या रांगेतल्या बाईचा पाय ठेका धरून होता. मी स्टेजवरून पाहिलं. तिथेच माझ्या डोक्यात शिरलं की हा डबा डीजेची जागा घेऊ शकतो. सभागृहाला चार भिंती असतात, हे तेव्हा सुचलं नाही.

त्याच सुमारास माझ्या चुलत बहिणीची सोयरीक जमली. आम्ही एकाच वयाच्या. नवरदेव सडक अर्जुनीकडचा, हायवेवर टायरचं दुकान. मी तिला म्हटलं, तुझ्या लग्नात डीजे नको.

"अन् लोकाइनं नाचाचं कायवर?"

"माझ्यावर."

ती खूप हसली. दोन दिवसांनी तिचा फोन आला. "ठीक हाय. पन लोकं नाचले पाह्यजेत. नाई नाचले तर तुले काई नाई, तू स्कूटी काढून घरी जाशील. मले तिथं राहाचं हाय."

मी म्हटलं, नाचतील.

मग मी ॲम्प घेऊन तिच्या घरी गेले. तिच्या वडिलांना मी मोठेबाबा म्हणते. त्यांच्या ओसरीच्या कोपऱ्यात डबा ठेवून मी आणि काकांनी दोन गाणी वाजवली. मोठेबाबांनी ऐकलं, तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि म्हणाले, "बेस." तिथूनच त्यांनी नवरदेवाच्या वडिलांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. मुलीकडच्यांची इच्छा आहे की डीजे नको, एवढंच बोलले. पलीकडून थोडा वेळ काहीच नाही. मग तेच, "बेस."

आमच्याकडे चांगलं असेल त्याला बेस म्हणतात. मी वहीत लिहून टाकलं, दोन्ही घरांची संमती.

लग्न मे महिन्यात, मुहूर्त साडेअकराचा. वरातीला जानोसा, म्हणजे उतरायची जागा, दिला होता गावाबाहेरच्या शाळेत. तिथून मांडवापर्यंत आधी शेतांमधला डांबरी रस्ता, मग एक अरुंद गल्ली, मग चौक, मग मोठेबाबांचं घर. ॲम्प ई-रिक्षाच्या मागच्या सीटवर ठेवला, तोंड वरातीकडे. मी गिटार गळ्यात घेऊन मागे चालत. वायर तीन मीटरची. रिक्षा हलली की मी हलणार, थांबली की थांबणार. दावं बांधल्यासारखी.

शाळेच्या फाटकातून बाहेर पडलो आणि आवाज गेला.

मला वाटलं वायर निघाली. मी वाकून पाहिलं. वायर जागेवर होती, ॲम्पचा दिवा लागलेला. मी वाजवत होते, बोटांना तारा लागत होत्या, पण दोन्ही बाजूंना धान कापलेली मोकळी बांधी आणि वर आभाळ. आवाज निघायचा आणि त्याला परत पाठवायला काहीच नाही. व्हॉल्यूम पूर्ण केला तर स्पीकर फाटल्यासारखा खरखरला. पुन्हा कमी केला.

नवरदेवाचे मित्र, आठ-दहा जण, काळे चष्मे, एकसारखे शर्ट. एक जण जवळ आला. "दीदी, आवाज थोडा बढाओ ना."

"पूरा है."

"ये पूरा है?" त्यानं वाकून डब्याला कान लावला आणि मित्रांकडे वळून म्हणाला, "चालू तो है भाई."

मागे हशा झाला. मला त्याला पत्रक वाचून दाखवावंसं वाटलं. खांद्यावरच्या पिशवीत होतंच. पण हात गुंतलेले.

वऱ्हाडातले एक म्हातारे शेजाऱ्याला म्हणाले, "मातीले चाललो का गा आपन?" अंत्ययात्रेला आमच्याकडे माती म्हणतात. खरंच तसं चाललं होतं. माणसं मान खाली घालून उन्हातून चालत होती, पुढे घोडीवर नवरदेव, आणि गुरुजींचा कमरेचा माईक मध्येच चिरकत होता. मी पुढच्या वळणाकडे पाहत होते. चालतानासुद्धा पाय वळवळत होते, रिक्षावाल्याला सारखं सांगत होते, जरा लवकर, जरा लवकर.

काका ढोलकी वाजवतच माझ्या बाजूला आले. "पोरी, मी मलेच ऐकून राहिलो. तुझं काई नाई येत."

"गल्लीत येईल."

"तुझा मोठाबाबा बेस म्हनाला ना, तवाच मी समजलो."

"काय समजले?"

"आपल्याकडं मानूस आवडलं तरी बेस म्हनते अन् वाद नाई घालाचा तरी बेस म्हनते. तोंडाकडं पाहा लागते. तू वही पाहून राहिली होती."

मला राग आला होता आणि तो काकांचा नव्हता. तोंड उघडून नाही म्हणा ना. चार मोठी माणसं बसून एक शब्द धड उच्चारत नाहीत आणि मग उन्हात पोरीनं चालायचं.

गल्लीत शिरलो. दोन्हीकडे घरांच्या भिंती, वर पुढे आलेले टिनाचे पत्रे. आणि बेस आला. एकदम, सगळीकडून. भिंतींनी तो उचलला. काकांनी माझ्याकडे पाहून ठेका बदलला. दारांत उभ्या बायका खाली उतरल्या. नवरदेवाची आत्या, चांगली जाडजूड बाई, पदर खोचून पहिली नाचली. तिच्या मागे इतर बाया, मग पोरं, मग ते काळे चष्मेवाले दोघे-तिघे. त्या दहा-पंधरा मिनिटांत मी जे वाजवलं तसं आधी कधी वाजवलं नव्हतं. आणि नाचता नाचता माणसं एकमेकांना नाव घेऊन हाक मारत होती, ती ऐकू येत होती. डीजेत येईल का ऐकू? लिहून घ्या हे.

पण गल्ली संपली की चौक. रिक्षा चौकात गेली की आवाज पुन्हा गेला. आत्या थांबली, म्हणाली, "मागं घ्या ना." रिक्षा मागे घेतली. पुन्हा नाच. पुन्हा पुढे, पुन्हा शांतता, पुन्हा मागे. असं तीनदा झालं. तोपर्यंत नवरदेव चौकात घोडीवर एकटा, आणि वरात मागे गल्लीत. त्याचा बाप घड्याळ दाखवत फिरत होता. शेवटी मित्र कंटाळले. त्यांनी चौकात उभ्या गाडीचे चारही दरवाजे उघडले आणि आतलं गाणं लावलं. अर्धी वरात तिकडे गेली. मुहूर्त टळून गेला होता, भटजी मांडवातून माणसं पाठवत होते.

मांडवात बहिणीजवळ गेले. ती पिवळ्या साडीत, घामानं डबडबलेली. ओठ न हलवता तिनं विचारलं, "नाचले का?"

"नाचले."

"कोन?"

तेवढ्यात अंतरपाट धरला.

मी काय केलं ते सांगते. त्या आठवड्यात गोंदियाला जाऊन चौथं पत्रक छापून आणलं. ‘दोन्ही घरांच्या संमतीने विना-डीजे लग्न. वरातीत सगळे नाचले.’ रात्री झोप लागत नव्हती, पण ते लिहिताना हात अडला नाही. चळवळीला उदाहरण लागतं. उदाहरणात गल्ली आणि चौक असे भाग पाडले तर कोण वाचेल, असं मी स्वतःला सांगितलं.

बहीण माहेरी आली तेव्हा सरळ माझ्याकडे आली. मी मागच्या खोलीत सराव करत होते. ती पलंगावर बसली, गठ्ठ्यातलं एक पत्रक उचललं आणि उभ्या उभ्या वाचावं तसं भराभर वाचलं.

"सगळे नाचले?"

"गल्लीत तर नाचलेच ना."

"मले सासरी काय म्हनतात माहीत हाय? सायलेंटवाली. चहा आनला तरी, सायलेंटवाली आली."

मी गिटार बाजूला ठेवली.

"स्वागताच्या दिवशी दिरानं डीजे आनला," ती म्हणाली. "मी नाचली. अर्धा तास."

"तू?"

"हो, मी. छाती धडधडून राहिली होती, कान दोन दिवस बंद. पन त्या दिवसापासून नाव जरा कमी झालं."

मी सुरू झाले. तुला नाव ठेवणारे ते कोण, नव्या सुनेनं आधी छाती धडधडवून दाखवायची मग तिला माणसात घ्यायचं, हा कुठला न्याय, आणि तू तरी का नाचलीस. ती सगळं ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "हे बेस बोलली. हे काऊन नाई लिहीत? हे सोडून सगळे नाचले लिहिते."

चळवळीला उदाहरण लागतं, हे ओठांवर आलं होतं. तिच्या तोंडावर ते म्हणवलं नाही.

तिनं टेबलावरचं पेन घेतलं. ‘सगळे’ खोडलं, वर लिहिलं, ‘गल्लीत काही जण’. अक्षर शाळेत होतं तसंच, गोल. मग पेन वरच्या ओळीवर नेऊन थांबली. दोन्ही घरांच्या संमतीने. तिथून तिनं कागद माझ्याकडे सरकवला.

"हे तू खोड. मी खोडली तर बाबाइचा अपमान होते."

"ते हो म्हणाले होते."

"म्हनाले का?"

मग मी पेन घेतलं आणि इतकं दाबून रेघ ओढली की कागद फाटला.

"हळू," ती म्हणाली आणि गठ्ठ्यातलं दुसरं पत्रक काढून समोर ठेवलं. "अजून लय हाएत."