गारुफालियाची दोन ओळींची पत्रं

गारुफालिया बोलायला लागली की समोरच्याने खुर्ची ओढून बसावं; उभ्याने ऐकणं कुणाच्या पायांना झेपत नसे. नवऱ्याचा बूट कसा फाटला हे सांगायचं तर ती त्याच्या आजोबांच्या लग्नापासून सुरुवात करायची. संत्र्यांच्या वखारीत ती फळं निवडायला जायची, तिथे तिच्या शेजारी बसायला बायका तयार नसत. अशा बाईला साऱ्या स्पार्टा गावात मी मितभाषी वीरमाता म्हणून प्रसिद्ध केलं. मी तिथल्या शाळेचा मास्तर, तिचा शेजारी, आणि तिच्या एकुलत्या एक पोराचा, इलियासचा, बाप्तिस्म्यातला धर्मपिता.

माझं वेड सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. जुन्या स्पार्टाचं आमच्याकडे काय उरलंय? ऑलिव्हच्या झाडांत चार दगड. पण मोजकंच बोलणाऱ्या त्या लढवय्या माणसांवर दोन हजार वर्षं सारं जग जीव टाकत आलंय. ज्या अथेन्सशी त्यांचं हाडवैर होतं, तिथले शहाणेही त्यांचेच गोडवे गायचे. रोमचे सरदार आमची पोरं देवीच्या वेदीपुढे निमूट फटके खाताना बघायला यायचे. मग फ्रेंच झाले, इंग्रज झाले, जर्मन झाले. यातल्या एकानेही जुने स्पार्टावाले रोज जेवायचे तो रक्ताचा काळा रस्सा मागून घेतला नाही, हा भाग वेगळा! दर उन्हाळ्यात कुणीतरी जाडजूड पुस्तक काखोटीला मारून बसमधून उतरायचा, दगडांपुढे उभा राहायचा आणि विचारायचा, ‘‘एवढंच?’’ मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्या जुन्या माणसांतलं काहीतरी आमच्यात अजून जिवंत आहे, हे एकदा तरी कुणाला दाखवता यावं, एवढीच माझी तळमळ होती.

एकोणीसशे सहासष्टच्या वसंतात इलियास कमवायला मेलबर्नला निघाला. पिरेयसच्या बंदरात बोट लागली होती आणि बस सकाळी आठची. स्टँडवर सगळ्या आया ऊर बडवत होत्या. गारुफालियाने काय काय सांगायचं ते रविवारपासून मला चारदा ऐकवलं होतं. पण ड्रायव्हरने हॉर्न दिला. सुक्या अंजिरांची पिशवी पोराच्या हातात कोंबून ती म्हणाली, ‘‘हात हलवत परत येऊ नकोस.’’ पुढचं तोंडातून फुटेना. डोळे मात्र कोरडे. बस गेली.

माझ्या अंगावर काटा आला. हीच ती, मी म्हटलं. लढाईला निघालेल्या लेकाला ‘ही घेऊन ये, नाहीतर हिच्यावरून ये’ म्हणत ढाल देणारी! त्याच दुपारी मी गावच्या पेपरला लिहून पाठवलं. त्यांनी फोटोसकट छापलं. चहूकडून कौतुक झालं. बेकरीवाला पाव देताना तिला सलाम ठोकू लागला. शाळेच्या समारंभात मी दरवर्षी तिला पहिल्या रांगेत बसवून तो प्रसंग मुलांना सांगायचो. तीही सुखावायची, नाही असं नाही. एकदा मात्र घरी जाताना म्हणाली, ‘‘मास्तर, मी रडले असते तर छापलं असतंत का हो?’’

‘‘रडतात सगळ्याच,’’ मी म्हणालो.

‘‘हो ना. सगळ्याच रडतात,’’ ती म्हणाली आणि मग वखारीतल्या मुकादमाच्या तक्रारी सुरू केल्या, त्या दार येईपर्यंत.

तिला लिहितावाचता येत नव्हतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमधून आली की ती माझ्या टेबलासमोर बसायची. ‘‘लिहा, मास्तर. सगळ्यात आधी लिहा की स्टँडवर माझं बोलणं अर्धं राहिलं. हात हलवत आलास तरी ये. कसाही ये. मग लिहा, तुझी खाट मी हलवलेली नाही. भिंतीला ओल आलीय, पण खाट तिथेच आहे. आणि त्या जानुलाने शेवटी त्या टकल्याशीच लग्न केलं, लिहिताय ना?’’

‘‘लिहितोय, लिहितोय. दम तर घे, बाई.’’

मी काय लिहीत होतो? ‘आई ठणठणीत आहे. तू काम कर.’ संपलं. अशाच दोन ओळी. पेपरात छापून आलेल्या आईने ‘कसाही ये’ म्हणायचं? मग मी मुलांना काय सांगू, त्या पुस्तकवाल्यांना काय दाखवू? मला वाटायचं, मी त्या बाईला उंच करतोय. खोटं कशाला बोलू, मला स्वतःलाच उंच वाटायचं.

ती म्हणायची, ‘‘वाचून दाखवा.’’ माझं पाठांतर जबरदस्त. त्या दोन ओळींचा कागद समोर धरून मी तिचं तासभराचं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवायचो. ती डोक्याच्या रुमालाने डोळे टिपायची. ‘‘काय सुंदर लिहिता हो मास्तर, अगदी माझ्या मनातलं!’’

इलियासची उत्तरंही तेवढीच यायची. ‘मी बरा आहे. काम चालू आहे.’ ती कागद उलटसुलट करून बघायची. ‘‘हा माझ्यावर गेलेला पोरगा. झोपेतसुद्धा बडबडायचा. तिथे याची जीभ कुणी कापली?’’ मी म्हणायचो, कामात असेल. पुढे लग्नाचं कळलं, मग मुलींचं, प्रत्येक वेळी एका ओळीत. ती दर उन्हाळ्यात खाटेची गादी उन्हात टाकायची. अकरा उन्हाळे टाकली.

सत्त्याहत्तर साली इलियासची तार आली, अमुक दिवशी सकाळी दहाला टेलिफोन करतो म्हणून. मी तिला घेऊन टेलिफोन कचेरीत गेलो. काचेच्या खोलीत ती शिरली, त्या खोलीचं दार पुरतं लागत नव्हतं, त्यामुळे तिचं बोलणं मला ऐकू येत होतं. आधी ती नुसती ‘‘इलियास, इलियास’’ करत राहिली. मग म्हणाली, ‘‘मी? मी नाही म्हणाले? अरे दर पत्रात म्हणाले!’’ पुन्हा बराच वेळ ऐकत राहिली. आणि काचेतून तिने माझ्याकडे पाहिलं.

बाहेर आली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. ‘‘तो म्हणतो, आई, पाच वर्षं मी प्रत्येक पत्रात ‘ये’ एवढंच शोधत होतो. तिकिटाचे पैसे बाजूला ठेवले होते. मग वाटलं, तू अजून मला लायक समजत नाहीस. म्हणून त्याने घर घेतलं तिथे. मुली तिथल्या शाळेत जातात, त्यांना आपली भाषा येत नाही. म्हणतो, आता नाही जमायचं, आई.’’ मग तिने विचारलं, ‘‘तुम्ही लिहिलं होतंत ना, मास्तर?’’

खिडकीमागचा कारकूनसुद्धा मान वर करून बघत होता. मी म्हणालो, ‘‘नाही.’’

कडू संत्र्यांच्या झाडांखालून आम्ही घरी निघालो. तिच्याबरोबर एवढा रस्ता मी कधी शांततेत चाललो नव्हतो. तिने मला शिव्या द्याव्यात, माझ्या सात पिढ्या उद्धराव्यात, आजोबांच्या लग्नापासून सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटत होतं. तिच्या फाटकापाशी मला राहवेना.

‘‘गारुफालिया, आज बसू या. सगळं लिहितो. अकरा वर्षांचं मला पाठ आहे. खाट, ओल, जानुला, सगळं. एक शब्द गाळणार नाही, शपथ घेतो.’’

तिने फाटकाची कडी काढली.

‘‘आता नको,’’ ती म्हणाली.

त्या दोन शब्दांतला एकही मला गाळता आला नसता.