अक्काचा हात कच्चा नव्हता

अक्का गेल्याचा निरोप आला तो आमच्या बेला गावातल्या किराणा दुकानाच्या फोनवर. सकाळी शाळेत जायला निघाली, डोकं दुखतं म्हणून पायरीवर बसली, आणि आदिलाबादच्या दवाखान्यात पोचायच्या आतच संपली. माझी एकुलती एक मोठी बहीण. त्या दिवशी मी पोटभर रडले. पण पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, बोलायला उभे राहिले आणि माझं रडणं जागच्या जागी सुकलं. म्हणाले, "मी तिले गाडी चालवाले शिकवलं. वळवताना हात जरासा कच्चा होता बिचारीचा, पन मी सांभाळून घेतलं." मंडळी मायेनं हसली. मग कुणीतरी तिला सोशीक म्हटलं. सोशीक! माझी अक्का! ... काही आठवडे झाले, पण राग काही उतरत नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

अक्का गुडीहत्नूरच्या पुढे, हायवे सोडून आत, एका खेड्यातल्या शाळेत शिकवायची. आमचे आईबाप दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायचे. घरातली पहिली नोकरी तिची. मुलांना मराठीत शिकवायची आणि तेलुगूत रागवायची, नाहीतर उलट. शाळेच्या वेळेला तिकडे बस नव्हती, म्हणून नव्वद सालाच्या आसपास तिनं जुनी, पांढरी, छोटी मोटार घेतली. पुढची चाकं गाडी ओढतात, त्या जातीची. आमच्याकडे तेव्हा जीपा आणि लॉऱ्या, सगळ्या मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या. बाई मोटार चालवते म्हणून हॉटेलातली माणसं चहाची बशी तोंडाशी धरून बघत राहायची. आणि शिकवलं कुणी म्हणाल, तर बेल्लमपल्लीच्या आमच्या मामानं, जो खाणीवर गाडी चालवायचा. भाऊजींना तर अजून साधी गाडी चालू करता येत नाही.

एका पोळ्यानंतर ती मोटार वाजायला लागली. सरळ रस्त्याला गप्प, वळण आलं की कट्... कट्... कट्. भाऊजी म्हणाले, तू हिसका देऊन वळवतेस. सासरे म्हणाले, बाईमाणसाचा हात तो. आदिलाबादच्या मिस्त्रीनं टायर बदलले, बेअरिंग बदललं, आवाज तिथंच. शेवटी त्यानं हात झटकले, "गाडी में कुछ नै है साब, मॅडम मोड़तेच गलत हैं." झालं! सासरच्या ओसरीवर चार भाऊबंद जमले आणि ठरवून मोकळे झाले : चावी भाऊजींकडे, अक्कानं बसनं जावं, बस मिळत नसेल तर नोकरी सोडावी. गाडी तिच्या पगाराची, नोकरी तिची, आणि ठरवणार हे! मी तिथंच होते. अक्का उठून म्हणाली, "काऊन? आवाज माह्या हाताचा हाय का गाडीचा, ते तं पाहू द्या पयले."

आवाज फक्त डावीकडे वळताना येतो आणि उजव्या चाकाकडून येतो, हे तिनं आधीच हेरलं होतं. रविवारी तिनं मिस्त्रीला, भाऊजींना आणि मला शाळेच्या मैदानात नेलं. स्टिअरिंग डावीकडे पुरतं फिरवून ती गाडी हळूहळू गोल फिरवायला लागली आणि मिस्त्रीला उजव्या चाकाच्या बाजूनं चालायला लावलं. कट्, कट्, कट्. मग खाली उतरून त्यालाच आत बसवलं. तोच आवाज! "क्यों मिस्त्री," अक्का ओरडली, "अब तेरा हाथ भी औरत का हो गया?" मिस्त्रीनं जॅक लावला. इंजिनाचा जोर चाकाकडे नेणारा जो दांडा असतो, ॲक्सल, त्याच्या चाकाकडच्या सांध्यावर ग्रीस राखणारी रबरी टोपी असते. त्या टोपीवर सायकलची ट्यूब करकचून गुंडाळलेली होती. मिस्त्रीनं ती कापली, तर आतून काळं, चिकट, एरंडेलाच्या वासाचं काहीतरी बाहेर आलं. वंगण! बैलबंडीच्या चाकाला घालतात ते, जाळलेल्या चिंध्यांची राख एरंडेलात कालवलेलं.

मग भाऊजींच्या तोंडून सगळं बाहेर आलं. सासऱ्यांची बैलजोडी होती. पोळ्याला बैलांना आराम आणि बंडीला वंगण, हा त्या घरचा शिरस्ता. त्या वर्षी मोटारही धुतली, तेव्हा फाटकी टोपी दिसली. म्हाताऱ्यानं बंडीला टांगलेल्या बांबूच्या नळ्यातलं वंगण तिच्यात भरलं आणि भाऊजींनी ट्यूब बांधली. राखेनं आणि धुळीनं सांधा आतून खरवडून काढला. म्हाताऱ्याचं मी समजू शकते, त्यानं तर मायेनंच केलं. पण भाऊजी? त्यांना ठाऊक होतं, तरी ओसरीवर मूग गिळून बसले! "मले वाटलं, वंगन म्हन्जे वंगन," ते म्हणाले. "मंग ओसरीवर काऊन नाई सांगतलं?" अक्कानं विचारलं. भाऊजी चपलेनं माती उकरत राहिले.

नवा ॲक्सल नागपूरहून बसनं आला. चाकाच्या मधला मोठा नट हलेना, तेव्हा अक्कानं भाऊजींना आत ब्रेकवर बसवलं, पान्याला लांब पाइप लावला आणि पदर खोचून त्यावर उभी राहिली. "दाबा म्हन्ते ना! जोरानं!" नट कडाडून सुटला. गिअरचं तेल आधी घमेल्यात काढून मिस्त्रीनं जुना दांडा ओढून घेतला आणि नवा आत सारला. मग अक्कानं स्टिअरिंग पुरतं वळवून मैदानाला फेरी मारली. गाडीतून आवाज म्हणून नाही. चावी तिनं कमरेला खोचली ती कायमची. मी म्हटलं, चल, ओसरीवर जाऊन सगळ्यांना सांगू. ती भाऊजींकडे बघून म्हणाली, "ज्यानं लपवलं, त्यानंच सांगावं." वर्षं गेली. भाऊजींनी कधी सांगितलं नाही. आणि आता ती नाही, तर माइकपुढे उभं राहून म्हणे तोच हात कच्चा!

मागच्या आठवड्यात तिचं सामान आणायला शाळेत गेले. भाऊजी सोबत होते. तो जुना ॲक्सल अक्कानं तेव्हाच मैदानातल्या कडुनिंबाला तारेनं टांगला होता, शाळेला घंटा नव्हती म्हणून. अजून तिथंच आहे. वाजवायचा बोल्ट फांदीच्या बेचक्यात. मी तो काढून भाऊजींपुढे धरला. म्हटलं, "वाजवा, आन् सांगा आता." त्यांनी हात मागे घेतला... मग मीच वाजवला. दात-ओठ खाऊन, हात भरून येईपर्यंत वाजवला. वेळ नव्हती तरी मुलं दप्तरं घेऊन भराभर बाहेर आली आणि झाडाखाली उभी राहिली. अक्कानं तेलुगूत दोन शिव्या घालून त्यांना परत आत पिटाळलं असतं. मी नाही पिटाळलं. त्यांच्या टीचरचा हात कसा होता, ते त्यांना तिथंच, भाऊजींच्या देखत, पहिल्यापासून सांगितलं.