पिठलं-भात आणि मौनाचा काळ

इकडे परदेशात, आमच्या ट्रॉय गावच्या लायब्ररीत शनिवारी सकाळी इंग्रजीचा वर्ग भरतो. मुलांकडे राहायला आलेले आजी-आजोबा, लग्न होऊन नुकत्याच आलेल्या मुली असे लोक येतात. शिकवणारे आम्ही सगळे हौशी. एरवी मी गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायचाच मला पगार मिळतो. हा गुण वर्गात चालणार नाही, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. सांगणाऱ्या बाई माझ्याकडेच बघत होत्या असं मला उगाच वाटलं.

दुसरी भाषा पाठ करून येत नाही, समजत समजत येते, असं त्या म्हणाल्या. शिकणाऱ्याला कळेल त्याच्या एकच पायरी पुढचं बोलायचं. मन धास्तावलेलं असलं तर कानावर पडलेलं आत उतरत नाही, म्हणून शब्दाशब्दाला टोकायचं नाही. आणि नवशिक्या माणसाचा एक मौनाचा काळ असतो. तो ऐकतो, त्याला समजतं, पण बोलत नाही. तेव्हा त्याला ढोसायचं नाही, थांबायचं. घरी येऊन मी हे सगळं नवऱ्याला समजावलं. तो म्हणाला, "थांबायचं? तू? बघायला येऊ का मी?"

वर्गात माझी सर्वांत अवघड विद्यार्थिनी म्हणजे माझी आई. बाबा गेल्यानंतर ती साताऱ्याहून आमच्याकडे कायमची आली. ऐकून कृती करायचा पाठ असला की ती पहिली. 'स्टँड अप' म्हटलं की उभी, 'ओपन द डोअर' म्हटलं की दाराशी. तोंडातून मात्र अक्षर नाही.

"आई, थोडं तरी बोल गं."

"उठतेय-बसतेय ना सांगशील तसं? आता गुडघे बोलतील माझे."

तिला खरी शिकवणी मिळाली ती शेजारच्या म्हाताऱ्या बाईंकडून. दोघींची भेट पत्रपेटीपाशी व्हायची. त्या बाई हाताने दाखवत, सावकाश, आपल्या टोमॅटोंबद्दल, हरणांनी खाल्लेल्या ट्यूलिप्सबद्दल बोलायच्या. आई माना डोलवायची आणि घरी येऊन मला त्यांच्या नवऱ्याच्या बायपासची सगळी हकिगत सांगायची.

मग मार्चमध्ये त्या बाईंचे यजमान गेले.

"समाचाराला जायला हवं," आई म्हणाली. "तू चल, पण बोलणार मी. माझ्या वेळी सगळं माझ्या भाषेत झालं. तिच्या वेळी मी नुसती मान हलवून यायची का?"

झालं. मी ट्रेनिंग गुंडाळून ठेवलं आणि आईला एक वाक्य पाठ करायला लावलं: आय अ‍ॅम सॉरी फॉर युवर लॉस.

"सॉरी का? मी काय केलं?"

"अगं, तसं म्हणतात इथे."

"आणि लॉस म्हणजे तोटाच ना? माणूस गेलं त्याला तोटा म्हणायचं?"

पुटपुटत तिने पिठलं-भात केला. आपल्याकडे दुःखाच्या घरी शेजारून जेवण जातं, तसं.

"आई, इथे आधी विचारावं लागतं, अ‍ॅलर्जी वगैरे."

"बेसन ग्लूटेन-फ्री असतं," नवरा सोफ्यावरून म्हणाला. "मिरची कमी घाला फक्त."

डबा घेऊन आम्ही गेलो. बाईंनी दार उघडलं. आत ओट्यावर लोकांनी आणलेले लझान्याचे ट्रे फॉइलसुद्धा न काढता तसेच पडले होते. आईने डबा पुढे केला, श्वास घेतला. "आय अ‍ॅम..." म्हणाली आणि थांबली. पुढचं आठवेना.

माझ्या जिभेवर ते वाक्य तयार होतं. मी गाल आतून चावून धरला. वर्गात थांबणं मी शिकले होते, पण ती वर्गातली आई होती. ही डोळे भरलेली, कानामागे लाल झालेली आई होती.

बाईच बोलल्या. नेहमीसारख्या सावकाश. सगळे जेवण आणून देतात, पण टेबलापाशी एकटं बसून घास उतरत नाही.

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ टेबलापाशी गेली, एक खुर्ची ओढून त्यांना दिली, समोरची आपण घेतली. डबा उघडला.

"यू ईट," ती म्हणाली. "आय सिट."

बाई बसल्या. चमच्याने पिठलं घेतलं, थांबल्या, अजून घेतलं. आई भिंतीवरच्या त्यांच्या यजमानांच्या फोटोकडे बघत होती.

"मिस्टर... व्हेरी टॉल?"

"ओ, व्हेरी टॉल," बाई म्हणाल्या. प्रत्येक दारात डोकं आपटायचे.

"माय मॅन, शॉर्ट," आईने हाताने उंची दाखवली. बाबांवर सरळ अन्याय होता तो. "बट बिग शाउट."

बाई हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. आईने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. तिचेही डोळे वाहत होते. बाबा गेल्यापासून ती माझ्यासमोर त्यांच्याबद्दल एवढंही बोलली नव्हती, मराठीतसुद्धा.

मी दाराजवळ ताटकळत होते. शेवटी आईचं लक्ष गेलं.

"तू का उभी अजून? घरी जा, कुकर लाव. आमचं बोलणं चाललंय."