सात कुलपं

जेवणाची सुट्टी झाली आहे आणि मी कपडेपटाच्या खोलीत लुगड्यांच्या गठ्ठ्यावर आडवी झाले आहे. वर पत्रा तापलेला, पंखा नुसती गरम हवा ढवळतोय. पोटावर बाराव्या भागाची संहिता आहे आणि पानं उडू नयेत म्हणून तिच्यावर एक जुनं पितळी कुलूप ठेवलंय. डोळे मिटतात, उघडतात, परत मिटतात. रागाच्या भरात जेवलं की मला अशी गुंगी येते.

राग हेरंबचा आलाय. हेरंब आमचा दिग्दर्शक. मालिकेचं नाव ‘संस्थानी फौजदार’. काळ एकोणीसशे अकराचा, संस्थान लहानसं, खटले जुन्या कागदांतले खरे आणि त्यांचा छडा लावणारा फौजदार जाचक आमच्या डोक्यातला. संवाद मी लिहिते. आजचा खटला इनामदारांच्या घरातल्या खुनाचा. दप्तरखान्यात त्याची मोजून नऊ पानं मिळाली. सून बाळंत होत होती त्या दिवशी मागच्या दारानं कुणीतरी आत शिरलं आणि इनामदारांच्या चुलत्याला कोयत्यानं मारून गेलं. घरातली सातही कुलपं उघडी सापडली. ती सुईणीनं उघडली होती. तिनं तसं कबूल केलं आणि खुन्याला वाट करून दिली म्हणून तिला आठ वर्षांची सजा झाली. तिसऱ्या वर्षी ती तुरुंगातच मेली. खुनी कधी सापडलाच नाही.

आमचा जाचक मात्र ती सात कुलपं बघतो, मिशीवरून हात फिरवतो आणि म्हणतो, “घरभेदी घरातच आहे.” हे वाक्य माझं. चॅनेलला ते इतकं आवडलं की त्यांनी जाहिरातीत घातलं. जाहिरात बघून शैला नावाच्या एका नर्सचा मला फोन आला. सुईण तिची खापरपणजी.

“मॅडम, निदान नाव तरी बदला. आम्ही अजून त्याच गावात राहतो हो.”

हेरंब म्हणाला, खऱ्या नावाला वजन असतं, आणि सुरुवातीला पाटी दाखवतोच की आपण, काही पात्रं काल्पनिक आहेत म्हणून. मी तेच पाटीचं शैलाला सांगितलं. शब्दाला शब्द तेच. तेव्हा राग एकट्या हेरंबचा नाही, हे मला कळतं. कळतं म्हणून तो कमी होत नाही.

पोटावरच्या कुलपाला किल्ली नाही. कलाविभागानं ते जुन्या बाजारातून उचललं. किल्लीवाला दोन दिवस घाम गाळून गेला, पण ते हलेना. जेवणानंतर त्याची कडी कापणार आहेत. उघडं कुलूप जाचकच्या हातात दिसलं पाहिजे ना.

पंख्याचा आवाज लांब जातो. पायाशी कुणीतरी लुगडी झटकतंय.

“ह्येच्या निऱ्या कुणी शिवल्या गं? अशानं बाईला वाकाया तरी येईल का?”

“मावशी, दहा मिनिटं पडू द्या ना,” मी म्हणते. मला ती आमची ड्रेसवाली मावशी वाटते.

“म्या मावशी न्हवं. धोंडी कोम राणू.”

कोम राणू, म्हणजे राणूची बायको. असं आता कुणी बोलत नाही. असं फक्त त्या नऊ पानांत, सुईणीच्या नावापुढे लिहिलंय. मी उठून बसते, किंवा बसले असं मला वाटतं. समोर एक लहानखुरी बाई आहे. कपाळावर गोंदण, पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत एरंडेलानं चमकणारे. ती माझ्याकडे अशी बघते की मला आपोआप पाय आखडून घ्यावेसे वाटतात.

“धोंडाक्का,” मी म्हणते.

“वळिकलंस. मंग घरभेदी कुणाला म्हनलीस?”

मी तोंड उघडते तर धूर आत जातो. आम्ही इनामदारांच्या स्वयंपाकघरात आहोत. सकाळपर्यंत हे प्लायवूडचं होतं, मागे बांबू आणि खिळे दिसायचे. आता भिंतीला हात लावला तर शेणाचा ओलावा लागतो. पलीकडच्या खोलीत एक पोरगी गुरासारखी ओरडतेय. धोंडाक्का थांबत नाही. चालता चालता ती लोणच्याच्या बरणीचं फडकं सोडते, डब्यांची झाकणं काढते, दळणाच्या पोत्याची सुतळी ओढते. कोठीचं कुलूप उघडते. देवघराचं उघडते. कपाटाचं, माजघराचं, जिन्याचं. गोठ्यात जाऊन म्हशीचं दावंसुद्धा सोडते. किल्ल्यांचा जुडगा तिच्या तेलकट हातातून सटकतो, ती शिवी घालून उचलते आणि गोठ्याचं कुलूप उघडते. शेवटी मागच्या दाराचं.

“काय करताय तुम्ही?”

“पोर आडवं आलंय. सकाळधरनं अडलीया ती. घरात गाठ दिसंल ती सोडायची, कुलूप दिसंल ते उघडायचं. घर आवळून बसलं की बाई बी आवळती. येवढं बी ठावं न्हाई तुला?”

“नाही. मला माहीत नव्हतं.”

ती वळून बघते. तिच्या चेहऱ्यावर राग नाही तर किळस आहे, आणि ती जास्त लागते.

“खोटं बोलतीस.”

पायाखाली फरशी थंड आहे. दवाखान्याची फरशी. पलंगावर मीच आहे, बारा वर्षांपूर्वीची. ओठ चावून रक्त आलंय आणि उशाशी सासूबाई उभ्या आहेत. त्या माझी वेणी सोडतायत. वेणी झाल्यावर पिशवीची चेन उघडतात, जेवणाच्या डब्याची झाकणं काढतात, पलंगाशेजारच्या कपाटाची दारं सताड उघडून ठेवतात. पलंगावरची मी ओरडते, “आई, काय पसारा मांडलाय हा! बाहेर जा बरं तुम्ही!” आणि सासूबाई हातात डब्याचं झाकण घेऊन बाहेर जातात.

नर्सच्या जागी धोंडाक्का उभी आहे.

“ती काय करत हुती गं?”

सासूबाई गेल्या त्या दाराकडे मी बघते.

“इचारलंस का तिला कदी?”

“नाही.”

“माझी कुलपं कागदात वाचलीस तवा तरी ती ध्यानात आली का?”

नाही आली. नऊ पानं मी चार वेळा वाचली. सात हा आकडा किती छान दिसतो, एवढंच माझ्या ध्यानात आलं. मला माझीच इतकी चीड येते की पलंगावरच्या त्या बाईच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

कुणीतरी “शांत राहा” म्हणतं. कचेरी भरली आहे. मध्ये न्यायाधीश, खाली कारकून, वकील, पाटील, पागोट्यांच्या रांगा. बाजूला चिकाचा पडदा आणि त्याच्यामागे इनामदारांच्या घरच्या बायकांच्या बांगड्या वाजतायत. धोंडाक्का पिंजऱ्यात उभी आहे. हात अजून तेलकटच.

वकील विचारतो, “कुलपे तू उघडलीस?”

“व्हय.”

“सातही?”

“व्हय.”

वकील खाली बसतो. कारकुनाचा टाक कुरकुरतो. संपलं. मी वाट बघते, पण पुढे कुणी काही विचारत नाही. पानांतसुद्धा इथेच संपतं, आणि तिथे कधी काही कमी आहे असं मला वाटलं नव्हतं.

धोंडाक्का पिंजऱ्यातूनच माझ्याकडे वळते.

“त्यो लिवणारा कारकून बघ. त्येला म्याच भाईर काढलाय, त्येच्या बानं सवता कुलपं उघडलेली. पाटलाची दोन पोरं माझ्याच हातची. इथं बसलेला एकेक बाप्या उघड्या कुलपात जल्माला आलाय. समद्यास्नी ठावं हुतं!”

“मग कुणी बोललं का नाही?”

“लाज वाटली. भर कचेरीत बाळंतपणाचं कसं बोलायचं? आन त्या आतल्या बाया बोलल्या असत्या तर त्यास्नी पडद्याभाईर यावं लागलं असतं. पोर जगलं. बाळंतीण जगली. तीच ती, त्या पडद्यामागं बसलीया, मांडीवर पोर घिऊन. येवड्याशा लाजंपायी आट वर्सं दिली मला.”

“तुम्ही तरी सांगायचं.”

“इचारलं कुणी?” ती एवढ्यानं ओरडते की पडद्यामागच्या बांगड्या थांबतात. “ज्येला त्येला ठावं असल्यालं म्या काय सांगायचं? आभाळ वर हाय म्हून सांगू?”

मला रडू येत नाही. मला त्या कारकुनाचा टाक मोडायचा आहे. मी त्याच्या हाताला हिसका देते तर हातात माझंच पेन येतं, आणि समोरच्या कागदावर माझंच अक्षर.

“धोंडाक्का, मी तुमचं नाव बदलते,” मी घाईघाईने म्हणते. “आत्ता बदलते. शैलाला शब्द देते.”

वाटतं, आता तरी ती निवळेल. पण ती पिंजऱ्याची दांडी दोन्ही हातांनी आवळते.

“नाव? त्या कागदाबगार माझं नाव हाय कुटं? दगूड न्हाई, फोटू न्हाई, पोरीनं बी भ्या वाटून माझं नाव कुणाला ठिवलं न्हाई. ऱ्हायलंय येवडं एक, त्ये बी पुसतीस? आन माझ्या जागी दुसरी कोन उबी करनार? तिचं नाव काय ठिवनार? नाव ऱ्हाऊ दे माझं. खोटं पूस!”

“पण शैला...”

“पोर भ्यालीया. म्हून नाव म्हनती. तिला खरं मिळू दे, तीच माझं नाव दारावर लिवंल.”

लुगड्यांचा गठ्ठा परत माझ्या पाठीखाली आहे. पत्रा तडतडतोय. धोंडाक्का शेजारी बसलीय आणि तिचा हात माझ्या पोटावर आहे, जड आणि ऊन. ती पोट चाचपते तसं कुलूप चाचपते.

“आन ह्ये काय आवळून ठिवलंयस?”

“त्याला किल्ली नाही.”

“मंग?” ती अंगठा तेलाने घोळवते. “आता तू किती येळ अडून बसनार हाईस, त्ये सांग.”

पंखा जवळ येतो. घरघर, घरघर.

“मॅडम! अगं, किती वेळ झाला, कोर्टाचं लाइटिंग लागलंय.” दारात हेरंब उभा आहे. मग त्याचा आवाज बदलतो. “अरे वा! उघडलं? कुणी उघडलं?”

मी खाली बघते. संहितेवर कुलूप उघडं पडलंय. कडी पूर्ण बाहेर आलीय, कुठे कापल्याची खूण नाही. पितळ तेलकट आहे आणि खालच्या पानावर, बरोबर ‘घरभेदी’वर, तेलाचा एक गोल डाग पसरत चाललाय. मी बोट नाकाशी नेते. एरंडेल.

“बेस्ट,” हेरंब म्हणतो. “दे इकडे, जाचकचा क्लोजअप घेऊन टाकतो आधी.”

“कुलूप मिळणार नाही. जाचक चुकलाय.”

“हिरो आहे तो! तो चुकत नाही.”

“आज चुकतोय. आणि ते त्याला भर कचेरीत कळणार आहे.”

“मग खून कुणी केला? लोक मला काय विचारतील?”

“तेव्हाही सापडला नाही, आत्ताही सापडायचा नाही. पण सुईण त्याला सामील नव्हती. हेरंब, तुझ्या वेळी तुझ्या आईची वेणी कुणी सोडली होती, विचारलंयस कधी घरी?”

“काय बोलतेयस तू? चॅनेल तुला उद्या काढून टाकेल, कळतंय का?”

“काढू दे,” मी ओरडते, आणि माझा आवाज बाहेरपर्यंत गेलेला मला ऐकू येतो. “पण आज पान माझ्या हातात आहे.”

तो चॅनेलला फोन लावत बाहेर जातो. माझ्याकडे किती वेळ आहे मला ठाऊक नाही. मी कुलूप तसंच उघडं मांडीवर ठेवते आणि पेनचं टोपण काढते. वकिलाच्या दोन प्रश्नांखाली आणि तिच्या दोन ‘व्हय’खाली थोडी जागा उरली आहे. तिथे तेल पसरलंय, पेन सटकतं, तरी मी दाबून लिहिते.

वकील : का उघडलीस?

धोंडी कोम राणू : बाई अडली हुती, सायेब.