वाडग्यातली नक्षी

मला प्रत्येक गोष्टीला हात लावून बघायची खोड आहे. त्या दिवशी खटकचिंचोळीहून आम्ही तिघी मैत्रिणी बीदरला फिरायला गेलो, तेव्हा किल्ल्यातल्या रंगीन महालात शिंपल्यांच्या नक्षीकडे माझं बोट गेलं आणि रखवालदारानं मला दोनदा हटकलं.

दुपारी नव्यानंच निघालेल्या कोरियन खाणावळीत गेलो. आमच्यातली एकजण मोबाइलवर सतत कोरियन मालिका बघते, म्हणून तिथं तिचाच हुकूम. समोर भाताचं मोठं वाडगं आलं. भातावर गाजर, पालक, काकडी, मोड आलेले मूग, सगळं आपापल्या जागी मांडलेलं. मधोमध अंडं आणि मिरचीचा लालभडक गोळा.

"विस्कटू नका. तिकडं लई शिस्त असते," ती म्हणाली.

मग आम्ही चमच्यानं एकेक कोपरा उचलून खायला लागलो. गाजर नुसतं गाजरच लागलं, भात फिक्का. एवढ्यासाठी लोक का जीव टाकतात ते मला कळेना, आणि तिच्यापुढं विचारायचीही चोरी.

शेवटी स्वयंपाक करणाऱ्या बाईच बाहेर आल्या. त्या जवळच्या राजेश्वर गावच्या, हैदराबादेत हे रांधायला शिकलेल्या.

"अक्का, असं कामून खायलाव? समदं कालवा की. तिकडं बी कालवूनच खातेत."

मी चमचा बाजूला ठेवला, बाही वर सारली आणि ती आख्खी नक्षी हातानं मोडली.